हिवाळ्यात म्युनिक ते सेविया, गाडीने आणि निवांत: या चुका टाळा

डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून येणार, मुलगा-सून म्युनिकला नोकरीत, ख्रिसमसची सुट्टी जुळलेली. मग एक्सेल शीट उघडते: म्युनिक, इन्सब्रुक, वेरोना, जेनोवा, नीस, माँपेलिए, बार्सेलोना, वालेन्सिया, ग्रनाडा, सेविया. सगळं मिळून साधारण २,७०० किलोमीटर. नकाशा म्हणतो सत्तावीस-अठ्ठावीस तास. दहा दिवसांत सहज होईल की!

अशा शीट ‘जरा नजर टाक ना’ म्हणून माझ्याकडे येत असतात. त्यातल्या चुका गाडी चालवण्याच्या कमी आणि आखणीच्या जास्त असतात. रस्ते उत्तम, गाडी उत्तम, चालवणारा सरावलेला, तरी चौथ्या दिवशी गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही.

किलोमीटर मोजले, उजेड मोजलाच नाही

डिसेंबरच्या अखेरीस म्युनिकला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि चार-वीसला मावळतो. म्हणजे आठ तास आणि थोडी मिनिटं. त्यात नाश्ता, सामान भरणं, काचेवरचं बर्फ खरवडणं यात दहा वाजतात. साडेतीनला मुक्कामी पोहोचायचं तर हातात साडेपाच तास. जेवण आणि दोन थांबे वजा केले की गाडी चालवायला उरतात चार. शीटमधला ‘म्युनिक ते वेरोना, ४३० किलोमीटर’ हा दिवस तिथेच कोसळतो, कारण शेवटचा टप्पा अंधारात, ओल्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या चकाकीत काढावा लागतो. आणि ज्या डोंगरांसाठी हा रस्ता धरला ते तिथे दिसतच नाहीत.

या प्रवासात एका दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री, आणि तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला तीन. हे जमत नसेल तर गावं कमी करा, दिवस ताणू नका. दहा दिवसच असतील तर वेरोनापर्यंत जा आणि परत या. सेवियाला थेट विमान पकडा, त्यात कमीपणा नाही.

उलट स्पेनमध्ये गेल्यावर हिशेब बदलतो. घड्याळ जर्मनीचंच, पण देश बराच पश्चिमेला. त्यामुळे सेवियाला डिसेंबरात साडेआठनंतर उजाडतं आणि संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. तिथे सकाळी सातला सगळ्यांना उठवून बसवण्यात अर्थ नाही. हॉटेलचा नाश्ताही उशिरा सुरू होतो, दुपारचं जेवण दोनच्या पुढे आणि रात्रीचं नऊच्या आसपास. बाबांना साडेसातला जेवायची सवय असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. मेतकूट-भाताला कोणाच्या वेळापत्रकाची गरज लागत नाही.

ऑगस्टमध्ये बघितलेला घाट

आखणी उन्हाळ्यात होते आणि व्हिडिओही उन्हाळ्यातलेच असतात. म्हणून शीटमध्ये हमखास ‘स्टेल्व्हिओ पास, फोटो स्टॉप’ असतो. २,७५७ मीटर उंचीचा हा घाट हिवाळाभर बंद असतो. ग्रोसग्लोकनरचा रस्ता, स्वित्झर्लंडचे फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन, फ्रान्सचे गालिबिए आणि इझेराँ, सगळ्यांची तीच गत. हिवाळ्यात उघडा राहतो तो ऑस्ट्रियातून इटलीत उतरणारा ब्रेनर, १,३७० मीटर. उंची साधारण महाबळेश्वरइतकीच, वर चौपदरी महामार्ग, बर्फ काढणाऱ्या गाड्या सतत फिरत्या. आल्प्स ओलांडायला यापेक्षा सोपी वाट शोधू नका.

तरी ब्रेनरच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑस्ट्रियाच्या बाजूला लुएग पुलाचं काम चालू आहे. जानेवारी २०२५ पासून तिथे बहुतेक वेळा एका दिशेला एकच मार्गिका मिळते. त्यात हिवाळ्यातला शनिवार म्हणजे स्कीइंगवाल्यांची अदलाबदल: एक लोंढा घरी निघालेला, दुसरा येणारा. शनिवारी ब्रेनर ओलांडायचाच नाही. मंगळवार-बुधवार बघा. दुसरं, जीपीएस कधी कधी मिटेनवाल्डवरून इन्सब्रुकला उतरवतं. रस्ता देखणा आहे, पण शेवटी त्सिर्लरबेर्गचा १६ टक्क्यांचा उतार लागतो. कोरड्या दिवशी खालच्या गिअरमध्ये निवांत उतरता येतं. बर्फ पडत असताना कुफस्टाइनवरून महामार्गानेच या.

घाटाचा दिवस शीटमध्ये पक्का करू नका, ही सगळ्यात कामाची सूचना. घाटाच्या अलीकडचं आणि पलीकडचं हॉटेल आयत्या वेळी रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. हवामान बिघडलं तर इन्सब्रुकला एक रात्र वाढवायची. पुढच्या सगळ्या गावांची आगाऊ, परत न मिळणारी बुकिंग केलेली असली की माणूस नको त्या दिवशी घाट चढतो.

आणि घाट संपले, आता स्पेन म्हणजे ऊन, असंही नाही. ग्वादिक्सहून ग्रनाडाला जाताना पुएर्तो दे ला मोरा लागतो, जवळजवळ १,४०० मीटर. म्हणजे ब्रेनरइतकाच उंच, आणि तिथेही बर्फ पडतं.

‘विंटर टायर असतीलच की’

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. जर्मनीत तारीख नाही, परिस्थिती बघतात: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर हवेतच. ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर तिथे चालतात, नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेले नाहीत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा सक्ती, आणि टायरची खाच किमान ४ मिलिमीटर. इटलीत खुणा केलेल्या रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या. फ्रान्सच्या ठरावीक डोंगरी भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च.

भाड्याची गाडी घेताना बुकिंगमध्ये ‘हिवाळी टायर’ लिहून घ्या, आणि चावी हातात आल्यावर वाकून चारही टायरवरचं चिन्ह स्वतः बघा. काउंटरवरच्या माणसाचं ‘हो, हो’ पुरेसं नाही. गाडी स्पेनहून किंवा दक्षिण इटलीतून घेऊन उत्तरेकडे निघणार असाल तर जास्तच जपा, तिकडे उन्हाळी टायर असणं हेच नेहमीचं.

साखळ्या घेतल्या तर निघण्यापूर्वी कोरड्या पार्किंगमध्ये एकदा चढवून बघा. कुठल्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. साखळी चढवल्यावर ताशी ५० च्या वर जायचं नाही.

काच

याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. महामार्गावर मीठ टाकलेलं असतं. पुढचा ट्रक त्या मिठाचं राखाडी पाणी उडवतो, ते काचेवर येतं, वायपर ते सारवतो आणि क्षणात वाळून पांढरा पापुद्रा तयार होतो. समोर सूर्य खाली आलेला असतो, आणि त्या पापुद्र्यातून काहीही दिसत नाही. तुम्ही फवारा सोडता आणि काही येत नाही, कारण टाकीत साधं पाणी होतं आणि नळी गोठली आहे. ताशी १२० च्या वेगात हे होतं.

उपाय स्वस्त आहे. गाडी ताब्यात घेतली की पहिल्या पेट्रोल पंपावर उणे वीस अंशांचं काचेचं द्रव घ्या, पाच लिटरचा कॅन. भरल्यावर दोन-चार वेळा फवारून नळीतलं जुनं पाणी काढून टाका. उरलेला कॅन डिकीत ठेवा, संपतं लवकर. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. आणि इंजिन चालू ठेवून गाडी गरम करत बसणं जर्मनीत नियमाविरुद्ध आहे. छतावरचं बर्फही झाडायचं, नाहीतर पहिल्या ब्रेकला ते पुढच्या काचेवर घसरतं.

डॅशबोर्डवर तीन-चार अंशांना हिमकणाचं चिन्ह उजळून ‘टिंग’ वाजतं. ती सूचना आहे, शोभा नाही. रस्ता नुसता ओला दिसतो आणि पुलावर मात्र काचेसारखा पातळ बर्फाचा थर असतो, कारण पूल खालूनही थंड होतो.

धुकं आणि वारा

वेरोनाहून पियाचेन्झामार्गे जेनोवाकडे जाताना पो नदीचं सपाट खोरं लागतं. डिसेंबर-जानेवारीत तिथलं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. शीटमध्ये हा दिवस ‘सोपा, सपाट’ म्हणून लांब ठेवलेला असतो, तो आखूड करा. पुढे नार्बोन ते पेर्पिन्याँ या पट्ट्यात त्रामोंताना वारा आडवा लागतो, ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल. गाडीवर रूफ बॉक्स असेल किंवा कॅम्परव्हॅन असेल तर हे फार जाणवतं. पुलांवर लावलेले, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे आडवे दिसले की वेग कमी करा.

कॅम्परव्हॅनवाल्यांसाठी एकच ओळ: ब्यूटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास बाष्प होणं थांबवतो. सिलिंडर प्रोपेनचाच घ्या, नाहीतर चहाही नाही आणि हीटरही नाही.

टोल, स्टिकर, कॅमेरे

ऑस्ट्रियाचं व्हिन्येट (महामार्ग वापरण्याचा ठरावीक मुदतीचा पास) वेगळं आणि ब्रेनर महामार्गाचा टोल वेगळा. व्हिन्येट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, दुप्पट पैसे घेणारे दलाल शोधात सर्वांत वर दिसतात. इटली आणि फ्रान्समध्ये तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे. स्पेनचा भूमध्य किनाऱ्याचा एपी-७ बहुतेक भागात २०२० आणि २०२१ मध्ये टोलमुक्त झाला. तिथे वाचलेले पैसे पार्किंगला घाला आणि सामान दिसेल असं गाडीत ठेवू नका. महामार्गावर शेजारून कोणी ‘टायर बघा, टायर बघा’ असे हातवारे करू लागला तर लगेच थांबू नका. पुढच्या पंपावर, माणसांत थांबा.

वेरोना, बोलोन्या यांसारख्या गावांच्या जुन्या भागात झेडटीएल असतो: परवानगीशिवाय आत गेलं की कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत, वर त्यांचं शुल्क लावून, घरी येतो. हॉटेल जुन्या गावात असेल तर पोहोचण्याआधी त्यांना गाडीचा नंबर कळवा. त्याहून सोपं म्हणजे गावाबाहेर गाडी लावून बसने आत जा.

सण कधी संपतात

म्युनिक आणि न्यूरेनबर्गचे ख्रिसमस बाजार २४ डिसेंबरला आवरतात. २६ ला पोहोचणाऱ्याला रिकामा चौक मिळतो. बोल्झानोचा बाजार मात्र ६ जानेवारीपर्यंत चालतो आणि तो याच रस्त्यावर आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात २५, २६ आणि रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-ब्रेड आधीच भरून ठेवा. ५ जानेवारीच्या संध्याकाळी स्पेनमध्ये बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या मिरवणुका निघतात, गावातले रस्ते बंद होतात. त्या दिवशी गाडीने हॉटेल शोधत फिरण्यापेक्षा दुपारीच पोहोचून मिरवणूक बघा. ग्रनाडाच्या अल्हाम्ब्रा महालाची तिकिटं आधी संपतात आणि ती नावावर असतात, पासपोर्ट सोबत हवा.

कागद

आई-बाबांच्या शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक) व्हिसावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस मुक्काम. तारखा जास्त, दिवस कमी असं सर्रास असतं, आणि मोजायचे ते दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे ‘शिक्का पुसट आहे’ वगैरे आशा सोडा.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर अँडोराचा मोह टाळा. फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज पर्वतातला हा देश शेंगेनमध्ये नाही. आत जाणं म्हणजे शेंगेन सोडणं, आणि परत यायला दुसरा प्रवेश लागतो. तारिफाहून मोरोक्कोला जाणाऱ्या बोटीचंही तेच.

बाबाही गाडी चालवणार असतील तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्यापूर्वी काढून घ्या, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्सही सोबत लागतं. मुलगा जर्मनीत सहा महिन्यांहून जास्त राहत असेल तर त्याचं भारतीय लायसन्स तिथे चालत नाही, परमिट असो वा नसो. गाडीची अनामत मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर मागतात, डेबिट कार्ड अनेकदा नाकारतात.

म्युनिकला घेतलेली गाडी सेवियाला सोडण्याचं शुल्क कधी कधी भाड्याइतकं होतं. ते आधी विचारा. पर्याय दोन: बार्सेलोनाहून जेनोवाला रात्रभराची बोट, साधारण अठरा-वीस तास, पण भाड्याच्या करारात बोटीला परवानगी आहे का ते बघून. किंवा बार्सेलोनालाच प्रवासाचे दोन तुकडे करा: जर्मन गाडी परत न्यायची, आणि आंदालुसिया, म्हणजे ग्रनाडा-सेवियाचा दक्षिण स्पेन, रेल्वेने.

अडकलातच तर

वाहतूक थांबू लागली की जर्मनी-ऑस्ट्रियात डावीकडच्या मार्गिकेतल्या गाड्या डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, मधे रुग्णवाहिकेसाठी वाट. आपल्या सवयीने त्या फटीत गाडी घालायची नाही, मोठा दंड आहे. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, थर्मासमध्ये चहा, भडंगाचा डबा, प्रत्येकाची जाड शाल डिकीत नाही तर सीटवर. आईच्या गोळ्याही वरच्या पिशवीत. स्वच्छतागृहासाठी जर्मन महामार्गावर एक युरोची नाणी.

रात्र गाडीतच काढायची वेळ आली आणि हीटरसाठी इंजिन चालू करायचं असेल तर आधी खाली उतरून मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजला नाही ना ते बघा, आणि दर वेळी पुन्हा बघा. बुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. मदतीसाठी सगळीकडे ११२.