मराठी पुस्तकाची फाइल छपाईला द्यायची तर: फॉन्टपासून प्रूफपर्यंत

‘भाऊ, फाइल तयारच हाय, फक्त छापाची हाय,’ असं म्हणून कोणी पेनड्राइव्ह पुढे केला की समजावं, फाइल तयार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकं जुळवण्याचं काम करतो. निवृत्त मास्तरांचे कवितासंग्रह, गावाचा इतिहास, कीर्तनकारांची टिपणं आणि कधीमधी झाडीपट्टीकडचं एखादं नाटक, असं माझ्याकडे येतं. २०१९ला यवतमाळात आणि २०२३ला वर्ध्यात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तर ज्याला त्याला महिनाभरात पुस्तक हवं होतं. सगळ्यांना कोणीतरी एकच सल्ला दिलेला असतो: वर्डमधून पीडीएफ काढा आणि चढवून द्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. इंग्रजी पुस्तकाला तो कदाचित पुरेल. मराठीत खरी गोम अक्षरांत आहे, म्हणून या लेखातली सर्वांत जास्त जागाही त्यांनाच.

आधी छपाई ठरवा

तीनशे-पाचशे प्रती एकगठ्ठा हव्या असतील आणि प्रकाशनाच्या दिवशी निम्म्या वाटायच्या असतील, तर नागपूर-अमरावतीचा ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून एकगठ्ठा छापणारा प्रेस बरा. पन्नासच प्रती हव्यात, पुढे मागणी येईल तशा निघाव्यात, तर प्रिंट ऑन डिमांड. पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस यांसारख्या सेवांवर आतल्या पानांची आणि मुखपृष्ठाची पीडीएफ तुम्ही स्वतः चढवता, ऑर्डर आली की प्रत छापली जाते. तिथे दर प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण घरात गठ्ठे पडून त्यांना वाळवी लागत नाही.

आकार डेमी घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच. वेगळा आकार घ्यायला तसंच कारण हवं. बाइंडिंगच्या बाजूचा समास २० मिमी, बाकीचे १५. ऑफसेटला पानं १६च्या पटीत बसवा, निदान ८च्या. नाहीतर शेवटच्या फॉर्ममधल्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांतल्या) कोऱ्या पानांचे पैसे तुम्हीच भरता. प्रिंट ऑन डिमांडला सोळाचा हिशेब लागत नाही.

अक्षरं: इथे घाई करू नका

पहिला प्रश्न: मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीत) आहे की कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये? ओळखणं सोपं आहे. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. कृतिदेवमधला ‘कापूस’ मात्र तिथे डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी इंग्रजी अक्षरं होऊन पडतो, कारण फाइलमध्ये मुळात तीच साठवलेली असतात. मराठी दिसते ती केवळ फॉन्टच्या कृपेने.

पुस्तक एकदाच ऑफसेटवर छापून संपवायचं असेल, तर जुना फॉन्ट पीडीएफमध्ये बसवून काम भागतं. इतकी वर्षं तसंच भागलं आहे. पण ई-बुक काढायचं असेल, दुसरी आवृत्ती काढायची असेल, पुस्तक शोधात सापडायला हवं असेल, तर युनिकोडला पर्याय नाही. आज पैसे वाचवायला जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं पुस्तक पाच वर्षांनी पुन्हा टाइप करावं लागतं.

रूपांतरासाठी फुकट कन्व्हर्टर भरपूर आहेत. त्यांना कृतिदेवचा नेमका नंबर किंवा श्रीलिपीतल्या फॉन्टचं नाव बरोबर द्यावं लागतं, नाहीतर खिचडी होते. आधी एकच पान बदलून बघा, मग प्रकरणवार पुढे जा. मूळ फाइलची छापील प्रत शेजारी ठेवा. मजकुरात खरोखरचे इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ते असतील, तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून त्यांचं वाटोळं करतो. ते आधी वेगळे काढून ठेवा. ठळक आणि तिरकी अक्षरंही या प्रवासात बहुधा गळतात.

आता ज्या चुका फाइलमध्ये हमखास निघतात आणि कोणी सांगत नाही, त्या.

सर्वांत वाईट चूक अर्ध्या र ची. ‘शेतकऱ्यांच्या’चं ‘शेतकर्यांच्या’ होतं, ‘दऱ्या’चं ‘दर्या’, ‘पांढऱ्या’चं ‘पांढर्या’. आणि आमच्याकडच्या माणसाला सर्वांत जास्त लागणारी म्हणजे ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. विदर्भातल्या पुस्तकात शेतकरी पानोपानी येतो, म्हणजे चूकही पानोपानी. हे दुरुस्त करताना ‘र्य’च्या जागी ‘ऱ्य’ असं सरसकट बदलाल, तर सूर्य, कार्य, पर्याय, मर्यादा यांचा एका झटक्यात निकाल लागेल. हा पराक्रम केलेल्या फाइली माझ्याकडे येतात आणि त्या सुधारायला मूळ फाइलपेक्षा जास्त वेळ जातो. ‘र्य’ शोधा, एकेक जागा बघा आणि तिथेच ठरवा. ‘र्ह’ तुलनेने सोपा, कारण तो बहुतेक ‘ऱ्ह’च असायला हवा असतो: गाऱ्हाणं, गुऱ्हाळ, वऱ्हाडी. ‘अर्हता’सारखे मोजके शब्द सोडून द्यायचे.

त्यात आणखी एक खोच. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि पुढचं व्यंजन. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. फाइल इकडून तिकडे नेताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडतं आणि पुन्हा ‘शेतकर्या’ उगवतो. नेहमी नुक्त्याचाच ऱ वापरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबला की तो येतो.

दुसरी चूक विसर्गाची. ‘दुःख’ लिहिताना अर्धी मंडळी विसर्गाऐवजी कोलन दाबतात आणि ‘उदाहरणार्थ’नंतर कोलनऐवजी विसर्ग. दिसायला फरक कळत नाही, पण मांडणीत ओळ संपली की कधीकधी ‘दु’ आणि कोलन वर राहतात आणि ‘ख’ खालच्या ओळीत जातो. अक्षराला चिकटलेला प्रत्येक कोलन शोधून बघा.

तिसरी ॲ ची. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ला आलं. त्याआधीचे फॉन्ट त्याच्या जागी चौकोन दाखवतात. म्हणून लोक ‘अ’वर चंद्र चिकटवतात आणि काही फॉन्टमध्ये तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ हीसुद्धा संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. पुस्तकभर एकच रूप ठेवा.

चौथी चूक नुसती यंत्राची नाही, सभ्यतेचीही आहे. बरेच लेखक आता फोनवर बोलून टाइप करतात. फोनला ‘मले’ कळत नाही, तो ‘मला’ करतो, ‘तुले’चं ‘तुला’ करतो. वर मुद्रितशोधक पुण्याकडचा असला तर उरलंसुरलं वऱ्हाडीही तो प्रमाण करून टाकतो. बोलीतलं पुस्तक असेल तर बोलीतल्या शब्दांची यादी पहिल्या दिवशीच शोधकाच्या हातात द्या आणि शब्दतपासणी बंद ठेवा. झाडीबोलीला तर हे दुप्पट लागू.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. हिंदी वळणाचा ल मराठी वाचकाला पहिल्या ओळीतच खटकतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुळातच मराठी वळणाचा आणि फुकट मिळणारा फॉन्ट मला आतल्या मजकुरासाठी सर्वांत आवडतो. त्याला ठळक रूप नाही, म्हणून शीर्षकांना ‘मुक्ता’ लावा. ठळकचं बटण दाबून सॉफ्टवेअरकडून खोटा ठळकपणा आणलात तर छपाईत अक्षरांची पोटं भरतात. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ही चांगला, त्याला ठळक रूप आहे. ‘मंगल’ पडद्यासाठी बनलेला आहे, पुस्तकात घालू नका. अक्षर १२ पॉइंट, ओळींतलं अंतर १७-१८. इंग्रजीच्या हिशेबाने १४ ठेवलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

मांडणी

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, तो विषय संपवा. इनडिझाइनमध्ये मजकूर ओतण्याआधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. ते केलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. अशी मोडलेली पानं घेऊन ‘फॉन्ट खराब आहे’ म्हणणारे खूप भेटतात. फॉन्ट ठीक असतो. भाषा मराठी निवडा, शब्द तोडणं बंद करा, कविता डावीकडून सरळ लावा. इनडिझाइन नसेल तर लिबरऑफिस रायटरही साध्या पुस्तकाला पुरतो.

पीडीएफ

पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (फाइलमध्येच बसवलेला) हवं. एकही सुटला असेल तर फाइल परत काढा.

अक्षरांचा काळा हा शंभर टक्के काळाच असावा. वर्डमधून निघालेल्या पीडीएफमधला काळा अनेकदा आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतला असतो. प्रेसमध्ये त्याचे चार रंग होतात आणि प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळा सोडून बाकी तीन प्लेटा चालू ठेवा. पान कोरं दिसलं पाहिजे.

काही प्रेसवाले पूर्ण पुस्तक ‘कर्व्ह करून द्या’ म्हणतात, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून द्या, की फॉन्ट लागत नाही. आतल्या पानांसाठी सरळ नाही म्हणा. फाइल फुगते, बारीक अक्षर जाड छापतं आणि शेवटच्या घटकेला एक शब्द बदलायचा तरी बदलता येत नाही. मुखपृष्ठ मात्र जरूर कर्व्ह करा. एका कवीच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर ‘वर्हाड’ छापून आलं होतं. आमच्या फाइलमध्ये शब्द बरोबर होता. प्रेसमधल्या मुलाकडे तो फॉन्ट नव्हता, म्हणून त्याने शीर्षक आपल्या मशिनवर पुन्हा टाइप केलं.

मुखपृष्ठ आणि कणा

मलपृष्ठ, कणा (बाइंडिंगची कड), मुखपृष्ठ एकाच फाइलमध्ये, चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), चित्रं प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय. लेखकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला तर परत मागवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कण्याची जाडी म्हणजे पानं भागिले दोन गुणिले कागदाची जाडी. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिमी धरला तर १६० पानांचा कणा ८ मिमी. हे अंदाजापुरतंच, खरी जाडी प्रेसला विचारा, कारण नॅचरल शेडचा कागद जाड निघतो. ऐंशी पानांखालच्या पुस्तकाच्या कण्यावर नाव टाकायच्या फंदात पडू नका.

आयएसबीएन

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर तो फुकट मिळतो. ‘मी काढून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. बारकोड मलपृष्ठावर पांढऱ्या चौकटीत, काळ्या रंगात. अर्ज मांडणी सुरू करतानाच टाका, शेवटच्या आठवड्यात नको. पुस्तक प्रसिद्ध झालं की १९५४च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, हेही तेव्हाच वहीत लिहून ठेवा.

प्रूफ

प्रिंट ऑन डिमांडमध्ये आधी एकच प्रत मागवा. आमच्याकडे कुरिअर तालुक्यापर्यंतच येतं, त्यामुळे प्रकाशनाची तारीख प्रूफ हातात पडल्यावरच जाहीर करा. ऑफसेटला प्लेट लागण्याआधी छापील प्रूफ मागा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. प्रत आली की मधलं पान उघडून आतला समास शिवणीत जातो का बघा, मग कणा बघा, मग ‘शेतकऱ्यां’ची आणि ‘दुःखा’ची पानं. बाकीचं वाचन दुसऱ्या कोणाला तरी द्या. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत.

दुरुस्त केलेली पीडीएफ पाठवताना नावात तारीख टाका आणि जुनी फाइल मेलमधून, पेनड्राइव्हवरून, प्रेसच्या मशिनवरून काढून टाकायला लावा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल शेवटची’ अशा तीन फाइली प्रेसमध्ये असल्या, तर प्लेटला लागते ती पहिली.