नॅव्हटेक्स संच गप्प झाल्यास सागरी सुरक्षा संदेश कसे मिळवावेत

कोकण किनाऱ्यालगत जाणाऱ्या बोटीला वादळाचा इशारा किंवा बंद पडलेल्या दीपगृहाची खबर बहुधा ५१८ किलोहर्ट्झवरच्या नॅव्हटेक्स संचावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांनी रेडिओवरून पाठवलेले इशारे मजकूर म्हणून उमटवणाऱ्या यंत्रावर, मिळते. मात्र संच गप्प आहे म्हणजे समुद्र निर्धोक आहे, असे कधीही गृहीत धरू नये.

प्रथम घड्याळ पाहावे. मुंबई केंद्राचे ओळख-अक्षर ‘जी’ असून त्याची प्रक्षेपणाची दहा मिनिटांची पाळी भारतीय वेळेनुसार पहाटे २.३०, सकाळी ६.३० व १०.३०, दुपारी २.३०, संध्याकाळी ६.३० आणि रात्री १०.३० वाजता येते. त्या दहा मिनिटांत काहीच उमटले नाही, तर संचावर ‘जी’ निवडलेले आहे का ते पाहावे आणि खाऱ्या हवेने हिरवट पडलेली अँटेनाची जोडणी घासून साफ करावी. एकाच प्रकारच्या संदेशांत ४१ नंतर थेट ४३ क्रमांक आला असेल, तर ४२ बहुधा हुकला आहे असे समजून पुढची पाळी जागून ऐकावी.

संच खरोखरच बिघडला असेल, तर एसएसबी (सिंगल साइडबँड) रिसीव्हर, म्हणजे लांबचे रेडिओ संदेश ऐकणारा संच, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय आहे, कारण प्रक्षेपण तेच असते, फक्त वाचणारे यंत्र बदलते. रिसीव्हर अप्पर साइडबँड (यूएसबी) या पद्धतीवर ठेवून ५१८ ऐवजी ५१७ किलोहर्ट्झ लावावे, त्याचा आवाज केबलने लॅपटॉपला द्यावा आणि नॅव्हटेक्स वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मधला स्वर १००० हर्ट्झ ठेवावा. ऐकताना इन्व्हर्टर, चार्जर आणि एलईडी दिवे बंद करावेत. त्यांची खरखर दूरचा संदेश सहज गिळून टाकते. संदेशाची सुरुवात ‘झेडसीझेडसी’ या अक्षरांनी होते. त्यापुढचे पहिले अक्षर केंद्राचे आणि दुसरे विषयाचे असते, म्हणजे ‘जीबी’ हा मुंबईहून आलेला हवामानाचा इशारा होय. नीट न मिळालेल्या अक्षराच्या जागी फुली (*) उमटते. अक्षांश-रेखांशाच्या आकड्यात अशी फुली दिसल्यास तो आकडा अंदाजाने भरू नये. पुढच्या पाळीत तो पडताळून घ्यावा.

लॅपटॉप नसल्यास व्हीएचएफचे, म्हणजे बोटीवरच्या जवळच्या पल्ल्याच्या बोलण्याच्या रेडिओचे, चॅनेल १६ सतत चालू ठेवावे. ‘सेक्युरिते’ हा शब्द तीनदा ऐकू आला की कागद-पेन्सिल हाती घ्यावी, कारण त्यानंतर दुसऱ्या चॅनेलचा क्रमांक सांगून इशारा तेथे वाचला जातो. व्हीएचएफचा पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याइतकाच असल्याने किनारा दूर असेल तेव्हा जवळच्या मोठ्या जहाजाला हाक मारून ताजा इशारा विचारावा. अशा जहाजांवर उपग्रहाद्वारे येणारी सेफ्टीनेट सेवा सहसा असते. मोबाइलला रेंज असेल, तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर विचारणा करता येते.

इशारा कोणत्याही मार्गाने मिळाला, तरी वेळ, केंद्र आणि संदेश क्रमांक लगेच वहीत लिहावा आणि पहारा बदलताना तो पुढच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा.