अमेरिकेत नवीन आलात? आधी ‘डिडक्टिबल’ समजून घ्या

नोकरीवर रुजू झालात की आरोग्य विम्याचे पर्याय समोर येतात आणि निवडायला साधारण ३० दिवस मिळतात. बहुतेक जण प्रीमियम पाहून स्वस्तातली योजना घेतात. पुढे बिल आलं की ‘डिडक्टिबल’ शब्दापाशी अडतात. वाटतं, बिलातून वजा होणारी सवलत असेल. आहे नेमकं उलट: विमा कंपनीने पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात तुम्ही पदरचे भरायची ती रक्कम. पगारातून कापला जाणारा प्रीमियम यात धरत नाहीत.

समजा डिडक्टिबल १,५०० डॉलर, कोइन्शुरन्स (डिडक्टिबल भरून झाल्यावर उरलेल्या खर्चातला तुमचा वाटा) २० टक्के आणि वर्षातलं पहिलंच बिल ४,००० डॉलरचं. पहिले १,५०० तुमचे. उरलेल्या २,५०० चे २० टक्के, म्हणजे ५००, तेही तुमचेच. एकूण २,०००. यातले ४,००० हे इन-नेटवर्क, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलने तिच्याशी ठरवलेल्या दराने धरायचे. मूळ बिलावरचा आकडा बहुधा बराच मोठा असतो. म्हणून आधी कंपनीचा ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स: कंपनीने किती भरले आणि तुमचा वाटा किती, याचा हिशोब) कागद येऊ द्या, त्याच्याशी बिल ताडून पाहा आणि मगच पैसे भरा. ईओबी स्वतः बिल नसतं, हे त्यावर छापलेलंच असतं. वर्षभरात जास्तीत जास्त किती भरावं लागेल त्याची मर्यादा ‘आउट-ऑफ-पॉकेट मॅक्झिमम’ या ओळीत सापडेल.

वार्षिक तपासणी आणि लसी इन-नेटवर्क घेतल्या तर सहसा डिडक्टिबल लागत नाही. पण त्याच भेटीत जुन्या गुडघेदुखीचा विषय काढलात, तर त्याचं वेगळं बिल येऊ शकतं. बऱ्याच योजनांचं वर्ष १ जानेवारीला नव्याने सुरू होतं. डिसेंबरअखेर शस्त्रक्रिया आणि जानेवारीत एमआरआय असं झालं, की दोन डिडक्टिबल भरावी लागतात. तारीख हातात असेल तर दोन्ही एकाच वर्षात बसवा.

फोनवर विचारायचं वाक्य पाठच करा: ‘हॅव आय मेट माय डिडक्टिबल?’ इथे ‘पे’ नाही, ‘मीट’ म्हणतात. योजनेच्या कागदात एखाद्या सेवेपुढे ‘आफ्टर डिडक्टिबल’ असेल, तर आधी सगळा खर्च तुमचा. ‘डिडक्टिबल वेव्ह्ड’ असेल, तर फक्त कोपे (त्या सेवेसाठी ठरलेली रक्कम) किंवा कोइन्शुरन्स.

गाडीच्या विम्यात हाच शब्द वेगळा वागतो. तिथे तो वर्षाला नाही, दर क्लेमला लागतो. ५०० डॉलर डिडक्टिबल असताना ४५० चं नुकसान झालं, तर स्वतःच्या गाडीसाठी क्लेम करून हाती काहीच लागत नाही. करात ‘टॅक्स डिडक्टिबल’ म्हणजे उत्पन्नातून वजा करता येणारा खर्च; त्याचा विम्याशी संबंध नाही.

आईबाबा येणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्स घेताना डिडक्टिबल पूर्ण मुदतीत एकदाच आहे की दर आजाराला, हे वाचाच. २५० डॉलर दिसायला तेच. पण दुसऱ्या प्रकारात आधी ताप आणि मग पडून हात मोडला, तर ते दोनदा भरावे लागतात.