राख टाकताय? आधी या चुका टाळा

लाकडाची राख म्हणजे फुकटचं सेंद्रिय खत, कितीही टाका, असं बरेच जण समजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. राखेत पालाश (पोटॅश) असतं, थोडं स्फुरदही (फॉस्फरस) असतं, पण नत्र (नायट्रोजन) जवळपास नसतंच कारण ते जळतानाच उडून जातं. आणि तिच्यात सगळ्यात जास्त असतो तो कॅल्शियम, म्हणजे खरं बघाल तर राख ही खतापेक्षा चुन्याची बहीण जास्त. शेतात टाकतात त्या चुनखडीच्या भुकटीच्या साधारण निम्मी ताकद, पण काम पटकन करते.

म्हणून पहिली चूक म्हणजे मातीचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट, आणि चुन्यासारखीच राखही तो वाढवते) न बघता राख टाकणं. माती आंबट असेल, पीएच ६ च्या खाली वगैरे, तर राखेचा मस्त उपयोग होतो, पण ७ च्या आसपास किंवा वर असेल तर एक मूठही नको. मी स्वतः हे केलंय, दोन वर्षं वाफ्यात राख ओतत राहिलो आणि टोमॅटोची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार. मला वाटलं नत्र कमी पडलं, दिला युरिया, फरक शून्य! नत्र कमी असलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात आणि ती पण शिरांसकट. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक वेळा लोह मिळत नाहीये, मातीत असतं पण पीएच चढल्यामुळे मुळांना उचलता येत नाही. असं दिसलं तर राख लगेच बंद, कंपोस्ट भरपूर, आणि पीएच परत तपासून गरज असेल तरच गंधक, ते पण धीर धरून कारण त्याला महिने लागतात.

दुसरं, युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजं शेणखत यांच्यासोबत राख मिसळू नका. अमोनिया होऊन नत्र हवेत जातं, उग्र वास आला की समजा पैसे उडाले. महिनाभराचं अंतर ठेवा.

प्रमाण? चौरस मीटरला वर्षभरात जास्तीत जास्त १०० ग्रॅम, पातळ पसरून मातीत मिसळायची, ढीग करायचा नाही. बी पेरताना किंवा कोवळ्या रोपाच्या बुडाशी तर अजिबात नको, क्षारांनी मुळं भाजतात. बटाट्यालाही नको, पीएच वाढला की खवड्या रोग (सालीवर खरखरीत डाग) जोर धरतो.

राख पावसात भिजू दिली तर पालाश धुऊन जातं, मग उरतो नुसता चुना. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, दगडी कोळसा यांची राख भाजीपाल्यात नकोच नको, जड धातू येतात. आणि हो, वरून गार दिसली तरी आत निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो, प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. पसरताना वारा नसलेला दिवस बघा, तोंडाला फडकं आणि हातमोजे घाला.