सिनिअर इयर: मुलांची कामं आपण करतो आणि आपली तशीच राहतात, या चुका टाळा

मुलगी सिनिअर इयरला, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या शेवटच्या, बारावीच्या वर्षाला होती तेव्हा आमच्या घरात एक एक्सेल शीट होतं. चौदा कॉलेजं, प्रत्येकाची डेडलाइन, एसे किती, फी किती, हिरवा पिवळा लाल रंग. नवऱ्याने बनवलेलं आणि मुलीने बहुतेक एकदाही न उघडलेलं. आता ती कॉलेजला गेली, सगळं नीट झालं, पण मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या शीटवरची बरीचशी कामं तिची होती जी आम्ही हौसेने करत बसलो, आणि जी खरंच आई-बापाची कामं होती ती शीटवर नव्हतीच. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचं हे हमखास होतं, कारण आपण स्वतः बोर्डाचे मार्क आणि मेरिट लिस्ट एवढ्यावर कॉलेजात गेलेलो, इथलं सगळंच वेगळं. म्हणून आमच्या आणि ओळखीतल्या चार-पाच घरांतल्या चुका लिहून काढतेय.

हायस्कूल ग्रॅज्युएट तर होणारच, हे गृहीत धरणं

ही सगळ्यात हुशार मुलांच्या घरी होणारी चूक. जानेवारीत, ॲप्लिकेशन्स सगळी गेल्यावर, मुलगी सहज म्हणाली, "आई, शाळेतल्या काउन्सेलरने मेल केलाय, माझं हेल्थ राहिलंय." मला वाटलं डॉक्टरचा फॉर्म वगैरे. तर हेल्थ नावाचा अर्ध्या क्रेडिटचा विषय (क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केला की खात्यात जमा होणारं माप), जो नववीत घ्यायचा असतो आणि तिने ऑर्केस्ट्रासाठी पुढे ढकललेला, मग दहावीत विसरली, अकरावीत चार एपी (शाळेतच घेतले जाणारे कॉलेज-पातळीचे कोर्स) होते. पाच एपी करणारी मुलगी हेल्थ नाही म्हणून डिप्लोमाशिवाय राहिली असती! शेवटी स्कूल डिस्ट्रिक्टचा ऑनलाइन कोर्स मिळाला आणि एप्रिलमध्ये, एपीची तयारी सुरू असताना, ती रात्री झोपेचं महत्त्व या विषयावर क्विझ देत जागत होती.

हे कसं टाळायचं? अकरावी संपताना, फार तर सिनिअर इयरच्या ऑगस्टमध्ये, ट्रान्सक्रिप्टची (सगळ्या वर्षांचे विषय आणि ग्रेड यांच्या नोंदीची) कॉपी घ्या, डिस्ट्रिक्टची ग्रॅज्युएशन रिक्वायरमेंट शेजारी ठेवा आणि पेनाने टिक करा. जीपीए (ग्रेडची सरासरी) बघू नका, क्रेडिट मोजा. पीई, हेल्थ, आर्ट, सिव्हिक्स ही नेहमीची राहून जाणारी मंडळी. शिवाय प्रत्येक स्टेटचं काहीतरी असतं, मेरीलँडमध्ये ७५ तास सर्व्हिस लर्निंग (समाजसेवेचं काम) लागतं, इलिनॉय आणि टेक्ससमध्ये फॅफ्सा (कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरणं किंवा नको असल्याचा फॉर्म सही करून देणं हाच ग्रॅज्युएशनचा भाग आहे. मध्येच स्टेट बदलून आलेल्यांनी तर हे दोनदा बघा.

आणि शाळेची रिक्वायरमेंट वेगळी, कॉलेजची वेगळी. कॅलिफोर्नियात डी ग्रेड मिळाली तरी शाळेचं क्रेडिट मिळू शकतं, पण यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ए-जी नावाच्या विषयांच्या यादीतले १५ कोर्स सी किंवा वर लागतात. काउन्सेलर सांगेल यावर विसंबू नका. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारसच एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे आणि बऱ्याच शाळांत त्याहून जास्त असतात, त्यात तुमच्या लेकीचं हेल्थ कोण लक्षात ठेवणार.

एसेमध्ये हात घालणं

कॉमन ॲपचा (एकच अर्ज जो बऱ्याच कॉलेजांना चालतो, त्याचा) मेन एसे ६५० शब्दांचा. मुलगी आमच्या गावच्या लायब्ररीत शनिवारी काम करायची, परत आलेली पुस्तकं लावायची, तर तिने पुस्तकांत सापडणाऱ्या वस्तूंवर लिहिलेलं. बसचं तिकीट, डेंटिस्टचं कार्ड, कुणाची तरी सामानाची यादी ज्यात शेवटी "सॉरी" असं लिहिलेलं. मला वाचून मजा आली होती. नवरा तीन रात्री बसला. चौथ्या दिवशी त्यात लीडरशिप आली, पॅशन आलं, इम्पॅक्ट आला, आणि ती सॉरीवाली यादी गेली, कारण "याचा पॉइंट काय आहे?" मुलीने वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हे तुझ्या अप्रेजलसारखं वाटतंय." दोन दिवस घरात अबोला. मग यादी परत आली.

आपण काय करू शकतो तर स्पेलिंग बघणं, आणि "हे मला नीट कळलं नाही" एवढं सांगणं, बास. वाचणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या इंजिनिअरचा आवाज लगेच ओळखू येतो. पोर्टलचा पासवर्ड मागून स्वतः लॉगिन करणं, मुलाच्या नावाने ॲडमिशन ऑफिसला मेल पाठवणं हेही त्यातलंच. टूरवर "आम्ही बायोला अप्लाय करतोय" म्हणणारे आई-बाबा दिसले की मला हसू यायचं, मग आठवायचं की मागच्या टूरवर मी पण हेच म्हणाले होते.

रेकमेंडेशन लेटरबद्दल एकच, टीचरला अकरावीच्या मे महिन्यात मुलाने स्वतः विचारायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विचारलं तर तिसावं लेटर तुमचं असतं. यूसीला साधारणपणे लेटरच लागत नाहीत, तिथे ३५० शब्दांची चार उत्तरं असतात आणि एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघतच नाहीत, म्हणजे फक्त यूसीच करायचं असेल तर त्या क्लासचे पैसे वाचवा.

पैशाचं बोलणं मार्चवर ढकलणं

हे मात्र शंभर टक्के आपलं काम, आणि इथेच आपण गप्प. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू" हे वाक्य आपल्याकडे प्रेमाचं असतं, पण इथे त्याने घोळ होतो, कारण मूल सप्टेंबरमध्ये यादी बनवतं आणि बजेट त्याला मार्चमध्ये कळतं, ॲडमिट आल्यावर. ओळखीतल्या एका घरी मुलाला ड्रीम कॉलेज मिळालं आणि त्याच संध्याकाळी बाबांनी सांगितलं जमणार नाही. तो मुलगा स्टेट युनिव्हर्सिटीत छान चाललाय, पण ती संध्याकाळ टाळता आली असती.

यादी करतानाच आकडा सांगा. वर्षाला अमुक इतके आम्ही देऊ शकतो, वरचे तुला लोन किंवा स्कॉलरशिप. मग प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवा, फेडरल मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो २०११ पासून ठेवावाच लागतो. वीस मिनिटं लागतात. छापील फी आणि खरी फी यात केवढा फरक पडतो ते बघून कधी आनंद होतो, कधी धडकी भरते.

अर्ली डिसिजनला (लवकर अर्ज करून लवकर निकाल घ्यायचा प्रकार) तर याशिवाय हात लावू नका. ते बाइंडिंग असतं, मुलगा, पालक आणि काउन्सेलर तिघांची सही असते, मिळालं की बाकी सगळी ॲप्लिकेशन्स मागे घ्यायची. पुरेशी एड (आर्थिक मदत) मिळाली नाही तर सुटता येतं, पण मग आणखी चार ऑफर समोर ठेवून तुलना करायची संधी गेलेली असते. अर्ली ॲक्शन वेगळं, ते बाइंडिंग नसतं. ही दोन नावं सारखी ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

आता फॅफ्सा. "आपला पगार बघून काही मिळणार नाही, कशाला भरायचा" हे प्रत्येक गेट-टुगेदरला ऐकू येतं. ग्रँट नाही मिळणार कदाचित, पण फेडरल स्टुडंट लोन, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, यातलं अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज चढणारं) हे गरज न बघता मिळतं आणि त्यालाही फॅफ्सा लागतो. काही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिपलाही मागतात. दुसरा गैरसमज म्हणजे दोन मुलं एकदम कॉलेजात असली की आपला वाटा निम्मा होतो. पूर्वी तसं होतं, २०२४-२५ च्या नव्या फॉर्मपासून ती सवलत गेली.

इन्कम दोन वर्षं मागची धरतात. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चा टॅक्स, म्हणजे मूल दहावीच्या मध्यात ते अकरावीच्या मध्यात असतानाचं वर्ष. त्या वर्षी घराच्या डाउन पेमेंटसाठी कंपनीचे शेअर विकले असतील तर तो सगळा गेन दिसणार. आम्ही नेमकं तेच केलं होतं. असं झालं असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदांसकट लिहा, एकदाच आलेलं उत्पन्न असेल तर काही ऑफिसं ते विचारात घेतात. आणि भारतातला दुसरा फ्लॅट, तिथल्या एफडी, या पण ॲसेटमध्ये दाखवायच्या असतात. राहतं घर आणि ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत) फॅफ्सात धरत नाहीत. बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्म पण लागतो, तो खोलात जातो, तिथे घराची इक्विटीही विचारतात.

फॉर्म अडकतोय? आधी नाव बघा

आमच्याकडे नोव्हेंबरचा एक अख्खा रविवार यात गेला. फॅफ्सासाठी मूल आणि पालक दोघांचं वेगवेगळं स्टुडंटएड अकाउंट लागतं, आणि त्यातलं नाव, जन्मतारीख, नंबर हे सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी जुळावं लागतं. आता आपली नावं. नवऱ्याच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही गिव्हन नेममध्ये, सोशल सिक्युरिटी कार्डवर वडिलांचं नाव मिडल नेम, टॅक्सवर मिडल नेम गायब. माझं तर लग्नाआधीचं आडनाव कुठे कुठे राहिलंय मलाच माहीत नाही. कार्ड समोर घेऊन त्यावर आहे तस्संच टाइप करा, तारीख महिना आधी मग दिवस, आणि हे ऑगस्टमध्येच करून ठेवा कारण जुळलं नाही तर दुरुस्तीत दिवस जातात. मुलाचं अकाउंट स्वतःच्या ईमेलवर काढू नका. टॅक्सची माहिती घ्यायला आपला कन्सेंट द्यायची पायरी असते ती पण चुकवू नका, तो नसेल तर फेडरल मदत मिळत नाही. जॉइंट टॅक्स भरणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाचंच अकाउंट पुरतं, आम्ही दोघंही काढत बसलो होतो.

एच-४ वर (आई-बापाच्या वर्क व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांना फेडरल एड मिळत नाही, लोनही नाही. इन-स्टेट फी मिळते की नाही हे स्टेट आणि कॉलेजवर असतं, आणि काही प्रायव्हेट कॉलेजं या मुलांना इंटरनॅशनल धरतात, तर ॲप्लिकेशनच्या आधी प्रत्येक ठिकाणी लेखी विचारा. २१ व्या वर्षी एच-४ संपतो हे कॉलेजच्या मध्यात येणारं गणित पण आत्ताच मांडा. मुलाला हे सांगायला जीव धजत नाही, माहितीये मला, पण त्याला मित्रांकडून कळण्यापेक्षा बरं.

ॲडमिट आलं, आता आराम

रँकिंग बघून यादी करण्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते कुणी ऐकत नाही.

पण ॲडमिटनंतरचं ऐका. ऑफर ही सिनिअर इयर नीट संपवण्याच्या अटीवर असते, फायनल ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये जातं आणि बी चे डी झाले तर कॉलेज विचारतं, क्वचित ऑफर काढूनही घेतं. मध्येच एखादा कठीण कोर्स सोडायचा असेल तर कॉलेजला आधी कळवायचं. आमच्या लेकीचे मार्चपासून चादरीतून बाहेर यायचे वांधे होते, मी ओरडायचं सोडून दर रविवारी ग्रेडचं पोर्टल तिच्यासोबत बघायला लागले, तिच्या लॉगिनने, तिच्या हातात माऊस.

बहुतेक कॉलेजांना १ मे पर्यंत डिपॉझिट द्यायचं असतं, एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी भरून ठेवू असं करू नका, ते नियमात बसत नाही. हाउसिंगची तारीख कित्येकदा वेगळी असते, लसींचा फॉर्म वेगळा, आणि हे सगळं मुलाच्या कॉलेजच्या नव्या ईमेलवर येतं जो मुलं उघडत नाहीत.

अठरा पूर्ण, आपण बाहेर

कॉलेजात गेलं की फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्याने रेकॉर्डचे हक्क मुलाचे. पैसे तुम्ही भरताय म्हणून मार्क विचाराल तर ऑफिस बहुतेक नाही म्हणेल. १८ झाल्यावर हॉस्पिटललाही तेच, त्यामुळे हेल्थ केअर प्रॉक्सी (मूल स्वतः सांगू शकत नसेल तेव्हा उपचाराचे निर्णय आपण घ्यायचा अधिकार) आणि माहिती द्यायची परवानगी या दोन्हींवर, मूल कॉलेजला जायच्या आधी, त्याची सही घेऊन ठेवा, स्टेटप्रमाणे फॉर्म बदलतो.

आणि बिल. आम्ही जुलैभर वाट बघत होतो की फीचं बिल घरी पोस्टाने येईल. ते आलं होतं तिच्या अकाउंटला, तीन आठवड्यांपूर्वी, आणि तिने आम्हाला ऑथोराइज्ड पेअर (तिच्या वतीने फी भरू शकणारे) म्हणून ॲडच केलं नव्हतं. लेट फी लागायला दोन दिवस होते. त्या रात्री ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली, माझा ईमेल टाइप करताना म्हणाली, "आई, स्पेलिंग सांग ना तुझ्या मेलचं," आणि नवरा पलीकडून सवयीने लॅपटॉप ओढायला गेला, तर तिने तो उलटा फिरवून घेतला.