सहावी ते आठवीला शिकवायला निघालेल्या नव्या शिक्षकांसाठी

बी.एड. किंवा डी.एल.एड. करताना सगळ्यांचं लक्ष टीईटीकडे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेकडे असतं. ते साहजिकच आहे. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, 150 गुण, त्यात बालमानसशास्त्राचे 30. पियाजे, कोहलबर्ग, एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत पाठ होतात आणि योग्य पर्यायावर खूणही होते. पण सातवीच्या वर्गात उभं राहिलं की समोर 11 ते 14 वर्षांची मुलं असतात, आणि त्यांना दिवसभर एकच काळजी असते: चारचौघांत आपलं हसं होऊ नये. या वयाला शिकवण्याची तयारी म्हणजे मुलांची ही लाज सांभाळायला शिकणं, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

एकाच वर्गात एखादी मुलगी बाईंच्या खांद्याला लागलेली असते आणि तिच्या शेजारचा मुलगा अजून चौथीतला वाटतो. मुली सहसा मुलांच्या वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात. काल हात वर करून कविता म्हणणारा मुलगा आज उठतच नाही, कारण त्याचा आवाज फुटलाय. त्याला उभं करून ‘मोठ्याने वाच’ म्हणू नका. जागेवर बसून जोडीदाराला वाचून दाखवू दे. वाचन तुम्हालाही ऐकू येतं, आणि त्यालाही त्रास होत नाही.

पाळीबद्दल आधीच ठरवून ठेवा. राज्य मंडळाच्या विज्ञानात मासिक पाळीचा सविस्तर भाग दहावीला येतो, पण अनेक मुलींना पाळी सहावी-सातवीतच येते. शाळेत पॅड कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, पुरुष शिक्षकांनी तर नक्कीच. मुलीने बाहेर जायला विचारलं तर ‘आत्ताच सुट्टी झाली ना?’ हा प्रश्न गिळून टाका.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. चौथीपर्यंत बहुतेक मुलांना एकच बाई दिवसभर शिकवतात. हायस्कूलला जोडलेल्या वर्गात आल्यावर तासागणिक शिक्षक बदलतो. घरी काय चाललंय, जेवून आलास का, हे विचारणारं हक्काचं माणूस अचानक उरत नाही. प्रशिक्षणातल्या इंटर्नशिपमध्ये पाठांची टाचणं आणि सरावपाठ यांतच वेळ जातो. तरी मार्गदर्शक शिक्षकांची परवानगी घेऊन एक दिवस काढा. मागच्या बाकावर बसून एकाच मुलाचा सगळा दिवस बघा, पण आपण बघतोय हे त्याला जाणवू देऊ नका. कोणत्या तासाला तो बोलला, कोणी त्याचं नाव घेतलं, मधल्या सुट्टीत डबा कोणासोबत खाल्ला, एवढंच वहीत लिहा. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एकाही मोठ्या माणसाने नाव न घेतलेली मुलं तुम्हाला दिसतील. मला या एका कामाने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच व्याख्यानाने शिकवलं नाही.

अभ्यासात मागे राहिलेल्यांचा प्रश्न इथे जास्त अवघड होतो. सातवीला पूर्णांकांचा गुणाकार चालू असतो आणि काहींना हातच्याची वजाबाकी येत नाही. म्हणून त्यांच्या हातात दुसरीचं पुस्तक देऊ नका. सगळ्या वर्गासमोर तो अपमान ठरतो, आणि मूल खोड्या काढून तो झाकतं. वजाबाकी विजेच्या बिलावर घ्या, वाचन एसटीच्या वेळापत्रकावर किंवा क्रिकेटच्या बातमीवर घ्या. पातळी खालची असली तरी मजकूर त्यांच्या वयाचा हवा. गट पाडायचे असतील तर तुम्हीच पाडा. दोन कॅप्टन उभे करून ‘निवडा’ म्हटलं की शेवटी तेच दोघे-तिघे उरतात, रोज.

रागवावं लागतं, नाही असं नाही. पण तास संपल्यावर, व्हरांड्यात, एकट्याला. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मारण्याला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. ‘तुझ्या बहिणीकडून काहीतरी शीक’ हे वाक्यही मुलाला लागतं.

कायद्याची एक बाजू प्रशिक्षणात घाईघाईने उरकली जाते, म्हणून इथे सांगतो. याच वयात एखादं मूल जवळ येऊन म्हणतं, ‘सर, एक सांगू? पण कोणाला सांगू नका.’ तसं वचन देऊ नका. ‘तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला मदत मागावी लागेल, पण वर्गात कोणाला कळणार नाही,’ असं आधीच सांगा आणि मग ऐका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याने जे शब्द वापरले तेच तारखेसह लिहून ठेवा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या, म्हणजे तो टिपून घेताना कोणाला कोणाच्या नजरेत यावं लागणार नाही.