जुन्या गाडीत नेव्हिगेशन बसवताना या चुका टाळा

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पुनर्नोंदणी झाली आणि आरटीओने पुढची पाच वर्षं दिली, की मालकाची नजर आधी डॅशबोर्डवरच्या जुन्या डेककडे जाते. तो काढून तिथे नकाशा दाखवणारी मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवावी, असं वाटतं. विचार चांगला आहे. इंजिन ठणठणीत असेल तर एवढ्यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नाही. पण खरेदी करताना सगळी चौकशी रॅम किती आणि स्क्रीन किती इंची यावरच संपते, आणि वायरिंग ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती जातं. पुढच्या तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात. सेट बंद पडला की आपण स्क्रीनला नावं ठेवतो. दोष मात्र बहुधा तिला मिळणाऱ्या करंटमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा जीपीएस अँटेनाच्या जागेत असतो.

पिवळी आणि लाल एकत्र जोडणे

बाजारातल्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर थेट बॅटरीचा कायमचा करंट घेते. लाल वायरला चावी फिरवल्यावरच करंट मिळायला हवा. काळी म्हणजे अर्थ, ती गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला जोडायची. नारिंगी दिव्यांसाठी, म्हणजे हेडलाइट लावल्यावर रात्री स्क्रीनचा उजेड कमी व्हावा म्हणून. हे रंग सेटच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे ‘पिवळीला पिवळी’ हा हिशोब इथे चालत नाही. प्रत्येक वायर मल्टिमीटरने, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजायच्या मीटरने, तपासूनच जोडायची.

घाईत पिवळी आणि लाल दोन्ही कायमच्या करंटवर जोडल्या जातात. मग सेट कधी झोपतच नाही. स्क्रीन काळी दिसते, पण आतला प्रोसेसर जागाच असतो. मुंबईत याचा फटका जास्त बसतो, कारण इथे कितीतरी लोक आठवडाभर लोकलने कामाला जातात आणि गाडी रविवारीच काढतात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. सेट बंद असतानाही २०० मिलिअँपिअर ओढत राहिला, तर दिवसाला जवळपास ५ अँपिअर-अवर जातात. पाच दिवसांत बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरते, आणि बॅटरी जुनी असेल तर रविवारी सकाळी सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबतो.

ही तक्रार घेऊन गेलात की दुसरी चूक उपाय म्हणून केली जाते: दोन्ही वायरी चावीच्या करंटवर टाकतात. बॅटरी उतरायची थांबते, पण आता चावी काढली की सेटची स्मृती पुसली जाते. रेडिओची स्टेशनं जातात, आवाजाची सेटिंग जाते, घड्याळ चुकतं आणि दर वेळी अँड्रॉइड पहिल्यापासून सुरू व्हायला वेळ घेतं. पिवळी आणि लाल यांची नुसती अदलाबदल झाली तरी अशीच लक्षणं दिसतात. त्यामुळे सेट बदलून मागण्याआधी या दोन वायरी तपासून घ्या.

बॅटरी खरंच सेटमुळे उतरते आहे का, हे घरीही कळतं. चावी काढा, दारं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. वीस-तीस मिनिटांनी आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. येत नसेल तर सेटचा फ्यूज काढून बघा. आकडा एकदम खाली आला तर चोर सापडला.

पावसात सेट आपोआप रिस्टार्ट होतो

जून-जुलैत ही तक्रार हमखास येते. किंग्ज सर्कलला पाणी तुंबलंय, गाड्या गोगलगायीच्या वेगाने सरकतायत, हेडलाइट चालू, वायपर चालू, काचेवर धुकं धरू नये म्हणून एसी आणि ब्लोअरही चालू. इंजिन मंद चालत असताना जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, एवढा भार पेलू शकत नाही, व्होल्टेज खाली येतं आणि नेमका नकाशा हवा असतो तेव्हा स्क्रीन रिस्टार्ट होते.

आधी बॅटरीवर मोजा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग सगळे दिवे, वायपर आणि ब्लोअर लावून सेटच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये मोजा. बॅटरीवर आकडा चांगला आणि सेटपाशी अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल, तर वायर बारीक आहे, जोड सैल आहे किंवा अर्थिंग खराब आहे. बॅटरीवरच आकडा कमी असेल तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा दाखवून घ्या. तिथे महागडी स्क्रीन आणूनही फरक पडणार नाही. सेल्फ मारताना क्षणभर स्क्रीन जाणं मात्र अनेक गाड्यांत नेहमीचं असतं, त्याची चिंता करू नका.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. डेकमागच्या पत्र्याच्या पट्टीला काळी वायर स्क्रूने आवळली की काम झालं, असं समजतात. मुंबईची हवा खारट आणि दमट, आणि गाडी जुनी. त्या पट्टीखाली रंग असतो, नाहीतर गंज. बॉडीचा पक्का पत्रा शोधून रंग खरवडायचा, तिथे रिंग टर्मिनल बोल्टने घट्ट आवळायचं आणि वरून थोडं ग्रीस लावायचं. एक्सलेटर दाबल्यावर स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा चढत जाणारा आवाज येत असेल, तर पहिला संशय याच जोडावर घ्या.

जोडही नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत. एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डच्या आत टेपचा गोंद वितळतो आणि वायर उघडी पडते. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), नाहीतर नीट दाबलेलं क्रिम्प, यातलं एक मागून घ्या. गाडीचा मूळ कपलर, म्हणजे डेकच्या वायरी जिथे एकत्र येतात तो प्लास्टिकचा सॉकेट, कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी जोडणारा तयार कपलर मिळतो, आणि मूळ कपलर आधीच कुणी कापून टाकला असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोध घ्या. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. तो वायरीला आग लागू नये म्हणून उडतोय.

स्पीकरची जुनी वायर तशीच वापरणे

ही चूक महागात पडते आणि तिच्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. जुन्या काही गाड्यांत स्पीकरची एक वायर डेककडून यायची आणि दुसरी थेट बॉडीला अर्थ केलेली असायची, किंवा दोन्ही स्पीकरांची निगेटिव्ह एकच असायची. जुन्या डेकला ते चालायचं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर अँप्लिफायरचं आउटपुट असतं. त्यातली कुठलीही बॉडीला लागली की आतली आयसी (चिप) तापते, आवाज जातो आणि कधी कधी सेटच जळतो.

तपासायला एक मिनिट लागतं. जुना डेक काढल्यावर स्पीकरची प्रत्येक वायर आणि बॉडीचा पत्रा यांच्यात मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा. ‘बीप’ वाजला तर ती वायर वापरू नका, स्पीकरपर्यंत नवीन दोन वायरी ओढून घ्या. नेव्हिगेशन म्हणजे ‘पुढे उजवीकडे वळा’ हा आवाजही आलाच, त्यामुळे स्पीकरकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

जीपीएस अँटेना कुठेतरी कोंबणे

काडेपेटीएवढा काळा अँटेना आणि त्याची लांब वायर पाकिटात येते. बसवणारा तो बऱ्याचदा सेटच्या मागेच सोडून देतो, कारण डॅशबोर्ड वरून उघडायचा कंटाळा. उपग्रहांचा सिग्नल फार क्षीण असतो. प्लास्टिक आणि साध्या काचेतून तो येतो, पत्र्यातून येत नाही. अँटेना पुढच्या काचेजवळ, डॅशबोर्डच्या वर किंवा लगेच खाली, तोंड आकाशाकडे करून बसवायचा. वर पत्र्याची पट्टी नको, शेजारी डॅशकॅम किंवा स्वस्तातला यूएसबी चार्जर नको. दुहेरी टेप उन्हात सुटतो आणि अँटेना उलटा पडतो, म्हणून त्याला केबल टायने बांधून ठेवा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही सिग्नल अडवते.

काम झाल्यावर गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तपासू नका. मोकळ्या आकाशाखाली न्या, मरीन ड्राइव्ह किंवा बँड्रा रेक्लमेशन उत्तम. जीपीएस तपासणारं एखादं मोफत अ‍ॅप टाका. पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात, पण नंतर बऱ्याच उपग्रहांच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्या ३५च्या वर दिसायला हव्यात. सगळ्या २०-२५वर रेंगाळत असतील तर अँटेनाची जागा किंवा त्याचा स्क्रू-कनेक्टर बघा.

आणि हेही समजून घ्या, की काही ठिकाणी दोष तुमच्या गाडीत नसतोच. जे. जे. उड्डाणपुलावर गेलात तरी नकाशा तुम्हाला खाली मोहम्मद अली रोडवर दाखवू शकतो, कारण वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकाच रेषेत आहेत आणि उंचीचा अंदाज घ्यायला जीपीएस कच्चं आहे. लोअर परळच्या टॉवरांमध्ये सिग्नल काचांवरून परावर्तित होऊन येतो आणि बाण बाजूच्या गल्लीत उडी मारतो. मार्च २०२४मध्ये खुल्या झालेल्या कोस्टल रोडच्या, मलबार हिलखालून जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात तर आकाशच नाही. यासाठी दुकानात भांडायला जाऊ नका. बोगद्यातून बाहेर पडल्यावर मिनिटभरात बाण जागेवर आला, म्हणजे तुमचा अँटेना ठीक आहे.

जुने, वापरलेले नेव्हिगेशन सेट स्वस्तात मिळतात, ते शक्यतो टाळा. त्यांचा नकाशा डीव्हीडी किंवा कार्डावरचा. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू त्यात नसेल, आणि शिवडीहून निघाल्यावर तुम्ही समुद्रात गाडी चालवताय असं तो दाखवेल. शिवाय जीपीएसचा आठवड्यांचा जुना आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असं ६ एप्रिल २०१९च्या रात्री झालं होतं. ज्या सेटचं सॉफ्टवेअर त्यासाठी तयार नव्हतं, त्यांची तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेली. अशी तारीख दिसली तर सेटिंग बदलून काही होत नाही.

डॅशबोर्डला करवत लावणे

मारुती ८००, झेन, पहिली सँट्रो अशा गाड्यांत डेकची जागा सिंगल डिनची, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. डबल डिन त्याच्या दुप्पट उंचीचा. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत ‘कापून बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, कापताना तडा जातो आणि पुढे खड्ड्यांच्या रस्त्यावर जन्मभर खडखडतं. सिंगल डिनमध्ये बसून पुढे तरंगणारी स्क्रीन मिळते, ती घ्या. फक्त घेण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून डॅशबोर्डवर धरून बघा. एसीची झडप किंवा हॅझर्डचं बटण झाकलं जात असेल तर लहान स्क्रीन घ्या.

गाडीत एअरबॅग असतील तर काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवायला सांगा आणि एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू देऊ नका. अँटेनाची वायरही एअरबॅगच्या झाकणावरून नेऊ नका.

राहिल्या किरकोळ गोष्टी. नेव्हिगेशन बसवल्यापासून एफएम खरखरत असेल तर सेटची निळी वायर बघा. काही गाड्यांच्या अँटेनाला तिच्यातून करंट लागतो. हँडब्रेक ओढलेला आहे असं सेटला भासवण्यासाठी त्याची हँडब्रेकची वायर अर्थ करून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देण्याची ‘फुकट सोय’ नाकारा, ती वायर खऱ्या हँडब्रेकच्या स्विचलाच जोडून घ्या. पैसे देण्याआधी उघड्या डॅशबोर्डमधल्या सगळ्या जोडांचे फोटो काढा, आणि जुना डेक, त्याची फ्रेम आणि उरलेले कपलर एका पिशवीत घालून घरी न्या.